मांजरीच्या नाकाचा कॅन्सर आणि नव्या रेडिएशनची चाचणी: सही करण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकरा वर्षांची पांढरी मांजर, नाकाच्या शेंड्यावर कित्येक महिने न भरणारी खपली, आणि बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (कातडीचा एक कॅन्सर) निघाला. युरोपात तुम्ही राहता तिथल्या प्राणी रुग्णालयाने दोन वाटा सांगितल्या. पहिली, नेहमीचं रेडिएशन, दहा सिटिंगमध्ये. दुसरी, एका चाचणीत मांजरीचं नाव घालायचं. तिथे सगळा डोस एकाच दिवशी, सेकंदभरही न लागता. दुसऱ्या वाटेचा खर्च चाचणीवाले करणार. आणि नाशिकहून तुमच्या आई सांगतात, मुक्या जिवावर प्रयोग करून घेऊ नका.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि आता बरीच वर्षं परदेशात कुत्र्या-मांजरांना रेडिएशन देण्याचंच काम करतो. तुमची मांजर मी पाहिलेली नाही, म्हणून ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ असं सांगणार नाही. पण निर्णय कशावर घ्यायचा हे सांगू शकतो. माझ्या मते पाहायची मुख्य गोष्ट एकच: वर्ष-दीड वर्षाने, किरण पडलेल्या नाकामागच्या जबड्याचं काय होतं. गाठ विरघळते का, हा प्रश्न त्यामानाने सोपा आहे.

आधी आजाराबद्दल दोन शब्द. पांढऱ्या किंवा नाक-कान फिके असलेल्या मांजरांना उन्हामुळे हा कॅन्सर होतो. सुरुवातीला दुसऱ्या मांजराशी भांडताना ओरखडा आला असावा असंच वाटतं. खपली धरते, पडते, खालून पुन्हा ओली होते, शिंकताना रक्ताचे थेंब उडतात. आपल्याकडेही पांढऱ्या मांजरांच्या कानांची टोकं अशीच झडताना दिसतात आणि लोक त्यावर हळद लावत बसतात. हा कॅन्सर सहसा लवकर दूर पसरत नाही, पण जागेवर खात जातो: आधी कातडी, मग कूर्चा, मग हाड. म्हणून लवकर सापडला तर उपचार चांगले लागू पडतात. अगदी वरवरचा असेल तर स्ट्रॉन्शियम-९० लावलेली कांडी जखमेवर टेकवून काम भागतं. त्याचे किरण काही मिलिमीटरच आत जातात. खोल असेल तर नाकाचा शेंडा कापून काढतात (दिसायला भयंकर, पण मांजर आरशात पाहत नाही), किंवा बाहेरून रेडिएशन देतात. हे आधीच सांगतो, कारण चाचणीचा विचार करताना पहिला मुद्दा हाच: हातात आधीपासून चांगला उपचार आहे का? तुमच्या बाबतीत आहे. ज्या कुत्र्याच्या गाठीला काहीच लागू पडत नाही त्याच्या मालकाने नव्या उपचाराला हो म्हणणं वेगळं आणि तुम्ही म्हणणं वेगळं.

आता आईंचा आक्षेप. तो मी हसण्यावारी नेणार नाही, पण त्यांच्या डोळ्यासमोर पिंजऱ्यातला उंदीर असावा. प्रयोगशाळेतल्या उंदरात कॅन्सर मुद्दाम रुजवतात आणि प्रयोग संपला की त्याला मारतात. तुमच्या मांजरीचा कॅन्सर तिचा स्वतःचा आहे. तो तिला या वयात, तुमच्या घरात, तुमच्या खिडकीतल्या उन्हात झाला. तिला उपचार हवाच आहे आणि ती संध्याकाळी घरीच येणार आहे. तुम्ही कधीही ‘आता पुरे’ म्हणून बाहेर पडू शकता. अशा जनावरांकडून जे कळतं ते उंदराकडून कळत नाही. त्यांची प्रतिकारशक्ती शाबूत असते, गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेली असते, आणि मोठ्या कुत्र्याचं नाक किंवा पाय माणसाच्या यंत्राखाली माणसासारखाच बसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००३ साली यासाठी स्वतंत्र कार्यक्रमच सुरू केला.

यातून खरोखर काय निघालं याचं माझं आवडतं उदाहरण सॅमेरियमचं. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठात हाडाचा कॅन्सर झालेल्या पाळीव कुत्र्यांना सॅमेरियम-१५३ हे किरणोत्सारी औषध शिरेतून दिलं गेलं. ते रक्तातून जाऊन जिथे हाड बिघडलंय तिथे चिकटतं आणि तिथेच किरण सोडतं. लंगडणारे काही कुत्रे पाय टेकू लागले. पुढे १९९७ साली हेच औषध माणसांच्या हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेसाठी अमेरिकेत मंजूर झालं. हे औषध आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही तयार झालं आहे, म्हणजे मुंबईतला एखादा रुग्ण आज ते घेत असेल तर त्यामागे मिसुरीतले ते कुत्रे आहेत. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला टोमोथेरपीचं यंत्र (रुग्णाभोवती गोल फिरत रेडिएशन देणारं) विकसित होत असताना नाकात गाठ असलेले पाळीव कुत्रे त्याच्या सुरुवातीच्या रुग्णांत होते. डोळे वाचवून गाठीला पूर्ण डोस देता येतो का, हे तिथे पाहिलं गेलं. आईंना सांगायचं तर हे सांगा. मात्र पुढचंही सांगा, म्हणजे एकच बाजू सांगितल्यासारखं होणार नाही.

तुम्हाला ज्या प्रकारचं रेडिएशन सुचवलंय त्याला फ्लॅश म्हणतात. नेहमीचं यंत्र मिनिटाला काही ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं एकक) या हिशेबाने डोस देतं. फ्लॅशमध्ये सेकंदाला चाळीस ग्रेच्या वर, म्हणजे पापणी लवायच्या आत सगळा डोस. २०१४ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांच्या फुप्फुसावर दाखवलं की इतक्या वेगाने दिलेला डोस गाठीला तितकाच मारतो, पण शेजारच्या निरोगी पेशींना कमी दुखावतो. असं का होतं, यावर अजून वाद आहेत. होतं हे मात्र अनेक ठिकाणी पुन्हा दिसलं.

त्यानंतर मांजरी आल्या, आणि नेमका तुमच्या मांजरीचाच आजार असलेल्या. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटाने २०१९ साली सहा मांजरींचे निष्कर्ष छापले. नाकाच्या शेंड्याचा पुढच्या टप्प्यातला कार्सिनोमा, एकाच वेळी २५ ते ४१ ग्रे. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दोनदा वाचला, कारण एका दमात ४१ ग्रे नेहमीच्या वेगाने कोणी देणार नाही. मांजरी नीट खात-पीत राहिल्या, त्या जागेचे केस गेले, तोंडातली जळजळ झाली तिथे ती भरून आली. सोळा महिन्यांपर्यंत आजार पुन्हा न वाढता राहण्याचं प्रमाण ८४ टक्के. आमच्या क्षेत्रात त्या वर्षी दुसरं काही बोललंच जात नव्हतं. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, स्वीडनच्या लुंडहून दहा कुत्र्यांचे निष्कर्ष आले. तिथल्या लोकांनी माणसांच्या रुग्णालयातलं साधं यंत्र फेरफार करून फ्लॅशसाठी वापरलं होतं. तिथेही बहुतेक गाठी आक्रसल्या किंवा निदान वाढायच्या थांबल्या.

सहा मांजरींनी काही सिद्ध होत नाही, हे स्विस मंडळींना चांगलं ठाऊक होतं. म्हणून झ्युरिक विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय गटाने लोझानबरोबर रीतसर तुलना लावली. चिठ्ठ्या टाकून मांजरींचे दोन गट केले: एका गटाला फ्लॅशने एकदाच ३० ग्रे, दुसऱ्याला नेहमीच्या पद्धतीने ४.८ ग्रे दहा वेळा. सुरुवातीला दोन्हीकडे छान. गाठी दोन्हीकडे सारख्याच आटोक्यात. मग नऊ ते पंधरा महिन्यांच्या दरम्यान फ्लॅश घेतलेल्या सातपैकी तीन मांजरींच्या वरच्या जबड्याचं हाड मरू लागलं. नेहमीचं रेडिएशन घेतलेल्या नऊ मांजरींत असं एकही नाही. चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवली आणि २०२२ मध्ये सगळं छापलं. त्याच लेखात मिनीपिग जातीच्या डुकरांच्या कातडीवरचे प्रयोगही होते. लहान भागावर दिलेला डोस कातडीने सोसला, पण मोठ्या भागावर तोच डोस दिला तेव्हा काही महिन्यांनी कातडी सडली.

जबड्याचं हाड मरणं म्हणजे मांजरीच्या दृष्टीने काय, तर हिरडी मागे सरते, पिवळट उघडं हाड दिसतं, तोंडाला दुर्गंधी येते, दात हलतात आणि तिला खायचं असूनही वाटीपाशी जाऊन ती परत फिरते. कॅन्सर बरा झालेला, आणि जनावर उपचारामुळे त्रासात. आमच्या कामात याहून वाईट काही नसतं.

हे का झालं हे समजून घेतलंत तर तुमच्यासमोरचा कागद वाचणं सोपं जाईल. फ्लॅश निरोगी पेशींना वाचवतो असं म्हणतात तेव्हा तुलना कशाशी? तेवढाच डोस एकाच वेळी, पण सावकाश दिला असता तर, याच्याशी. पण दवाखान्यात कोणीच ३० ग्रे एका वेळी सावकाश देत नाही. दवाखान्यात तो तुकड्या-तुकड्यांत देतात, आणि तुकडे करण्याचं कारणच हे की दोन सिटिंगच्या मधल्या वेळात निरोगी पेशी आपली डागडुजी करून घेतात. हाड, मज्जातंतू, बारीक रक्तवाहिन्या यांना या सवडीचा फार फायदा होतो. म्हणजे फ्लॅशची खरी स्पर्धा शंभर वर्षं घासूनपुसून तयार झालेल्या तुकड्यांच्या पद्धतीशी आहे. उंदरांवरच्या प्रयोगात ती स्पर्धा नीट दिसत नाही, कारण तिथे बहुतेकदा एकाच डोसची वेगवान आणि सावकाश अशी जोडी लावलेली असते. ती दिसली मांजरींमध्ये. शिवाय नाकाचा शेंडा म्हणजे कातडी, कूर्चा, हवा, दात आणि कागदासारखं पातळ हाड, सगळं दोन-तीन सेंटिमीटरांत. अशा जागी डोस एकसारखा पसरत नाही. कुठेतरी ठरवल्यापेक्षा जास्त पडतोच, आणि एकदाच द्यायचं असेल तर ती चूक दुसऱ्या दिवशी सावरता येत नाही.

म्हणून ‘एकदाच’ हे ऐकायला जितकं सुखाचं तितकं ते तपासून घ्यावं लागतं. तरी त्यातलं सुख खोटं नाही. माणूस टेबलावर सांगितलं की पडून राहतो. मांजर राहत नाही. प्रत्येक सिटिंगला भूल. आदल्या रात्रीपासून उपाशी, सकाळी पुढच्या पायाच्या शिरेत सुई, घशात नळी, मग तिला फुगवून घट्ट केलेल्या गादीत बसवायचं, वरचे दात ठशात अडकवायचे म्हणजे डोकं रोज त्याच जागी येईल, नाकावर ओल्या गॉजचा किंवा मेणासारख्या पट्टीचा थर द्यायचा म्हणजे डोस पृष्ठभागावर पूर्ण बसेल. मग आम्ही सगळे खोलीबाहेर, जाड दार बंद, आणि पडद्यावर तिचा श्वास मोजत उभे. किरणांना लागतात दोन-तीन मिनिटं, बाकीच्याला पाऊण तास. हे दहा वेळा. अकरा वर्षांच्या मांजरीच्या मूत्रपिंडांना दहा भुली म्हणजे काय, हा विचार करायलाच हवा. तिचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) आणि लघवीची तपासणी ठीक असेल तर मी स्वतः दहा भुलींना घाबरत नाही. पण ते आकडे आधीच वर गेलेले असतील तर सगळा हिशेबच बदलतो, आणि तेव्हा एकाच भुलीच्या पर्यायाकडे मीही वेगळ्या नजरेने पाहीन.

आणखी एक गोष्ट बहुतेक जाहिरातवजा लेखांत नसते. पाळीव जनावरांच्या चाचण्यांत ‘किती दिवस जगलं’ हा आकडा जपून वाचायचा. माणूस आजाराने जातो. कुत्रं-मांजर बऱ्याचदा मालकाने दयामरणाचा निर्णय घेतल्यामुळे जातं. तो निर्णय पैशावर, घरच्या परिस्थितीवर, कोणी बाळंत आहे की कोणी परगावी, यावर ठरतो. आणि जे जनावर दहाव्या महिन्यात दुसऱ्याच आजाराने गेलं त्याचं हाड पंधराव्या महिन्यात मेलं असतं की नाही, हे कधीच कळत नाही. उशिरा होणारे दुष्परिणाम अशा रीतीने कमी दिसतात. कुत्र्या-मांजरांत उत्तर लवकर मिळतं हा त्यांचा गुण म्हणून सांगतात, आणि तो आहेही, पण आयुष्य लहान असणं ही त्याचीच दुसरी बाजू. झ्युरिकच्या मांजरींत हाडाचं प्रकरण उघड झालं, कारण त्या मंडळींनी त्यांना महिनोन्महिने परत बोलावलं, तोंड उघडून पाहिलं, स्कॅन केले.

सगळ्याच चाचण्या तुमच्या मांजरीइतक्या नाजूक प्रश्नाच्या नसतात. पेनसिल्व्हेनियात पायाच्या हाडाचा कॅन्सर असलेल्या कुत्र्यांवर प्रोटॉन कणांच्या फ्लॅशची चाचणी झाली. त्या कुत्र्यांचा पाय कापायचाच होता. आधी किरण दिले, काही दिवसांनी पाय ठरल्याप्रमाणे काढला आणि तो तपासला. कुत्र्याचं फारसं काही पणाला लागलं नाही आणि माहिती मिळाली. अशी रचना मला मनापासून आवडते. याउलट फ्लोरिडाहून २००४ साली आलेला अभ्यास पाहा. पाय न कापता हाडाच्या गाठीवर अचूक मोठा डोस द्यायचा, अकरा कुत्रे. पाय वाचला, वेदना कमी झाल्या, पण गाठीने पोखरलेलं हाड पुढे मोडण्याचा धोका राहिला, आणि आजही ती पद्धत वापरताना मालकाला पहिल्यांदा तेच सांगावं लागतं.

मग माणसांमध्ये फ्लॅश कुठे आहे? लोझानमध्येच पहिल्या रुग्णाला दिला गेला. ७५ वर्षांचा, कातडीचा लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) असलेला. त्याला १५ ग्रे, एका छोट्या गाठीवर, आणि २०१९ मध्ये ते छापून आलं. अमेरिकेत सिनसिनाटीला दहा रुग्णांना हातापायांच्या हाडात पसरलेल्या कॅन्सरसाठी प्रोटॉनचा फ्लॅश दिला, तो ८ ग्रेचाच, म्हणजे वेदनेसाठी एरवीही एका वेळी देतात तेवढाच. माणसांवर काम करणारे किती दबकत पुढे जातात ते पाहा. मांजरींच्या जबड्यांनी त्यांना जे सांगितलं त्याचाही त्यात वाटा आहे असं मला वाटतं.

आता तुमच्या हातातला कागद. त्यात डोस किती आणि किती वेळा, हे पहिल्यांदा पाहा. एकदाच आणि ३० ग्रेच्या आसपास असेल तर झ्युरिकच्या चाचणीचं नाव घेऊन सरळ विचारा, ‘त्यानंतर तुम्ही काय बदललंत?’ डोस कमी केला, भाग लहान केला, दोन-तीन तुकडे केले, हाडाला वाचवणारी आखणी केली, असं काही ठोस उत्तर यायला हवं. ‘आता तंत्र सुधारलंय’ एवढ्यावर समाधान मानू नका. त्यांच्याकडे आखणीचं चित्र असतं, रंगीत रेषांनी डोस दाखवणारं. ते समोर उघडून दाखवायला सांगा आणि वरच्या जबड्यावर कोणता रंग येतो ते विचारा. दाखवायला कां-कूं झाली तर ते मला खटकेल.

मग पैशाचं. चाचणीत रेडिएशन फुकट असतं. दीड वर्षाने हाडाची शस्त्रक्रिया लागली तर ती कोण करणार, कोणाच्या पैशाने? हे तोंडी नको, लिहून हवं. पाठपुरावा किती महिने, त्यातले स्कॅन आणि त्या स्कॅनच्या भुली कोणाच्या खात्यावर, हेही. मांजर गेल्यावर शवविच्छेदनाची परवानगी बहुतेक मागतील. त्याचा विचार आज शांतपणे करून ठेवा. त्या दिवशी जमत नाही. माझं मत विचाराल तर द्यावी, कारण उशिराच्या दुष्परिणामांबद्दल सर्वांत जास्त तिथेच कळतं.

चिठ्ठी टाकून गट ठरणार असेल तर तुमच्या मांजरीला नेहमीचंच रेडिएशन येऊ शकतं, तेही फुकट. पुष्कळ मालक यामुळे नाराज होतात. मी होणार नाही. झ्युरिकमध्ये नशीबवान ठरल्या त्या मांजरी त्याच होत्या.

तुम्ही शेवटी विचारलंय की तिला भारतात आणून उपचार होईल का. प्रवासाचा त्रास बाजूला ठेवला तरी त्यासाठी आणू नका. आपल्याकडे जनावरांना रेडिएशन मिळणं अजून फार दुर्मीळ आहे. यंत्र महाग, त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटी, आणि माणसांच्या रांगाच संपत नाहीत. आमच्याकडे शिकताना कॅन्सर म्हणजे बैलाच्या शिंगाचा आणि गल्लीतल्या कुत्र्यांचा टीव्हीटी (समागमातून पसरणारी जननेंद्रियांची गाठ). त्या टीव्हीटीला किरणही झकास लागू पडतात, पण दर आठवड्याला दिलेल्या व्हिन्क्रिस्टीन या कॅन्सरच्या औषधाच्या इंजेक्शनांनी तो बहुतेक बरा होतो, म्हणून कोणी यंत्राच्या वाटेला जात नाही.

शेवटचं एक काम, कोणतीही वाट निवडलीत तरी: रेडिएशनच्या आधी तिचे दात तपासून घ्या, तोंडाच्या एक्स-रेसकट. या वयाच्या मांजरीचा एखादा तरी दात बऱ्याचदा मुळाशी खराब झालेला असतो. काढायचा तो आधी काढा आणि हिरडी पूर्ण भरू द्या. किरण पडलेल्या जबड्यातून पुढे दात उपटला तर ती जागा नीट न भरण्याचा धोका असतो आणि हाड तिथूनच मरायला लागू शकतं. यासाठी थोडे दिवस थांबावं लागलं तर या प्रकारच्या गाठीत सहसा बिघडत नाही, पण तुमच्या डॉक्टरांकडून तेवढं पक्कं करून घ्या. दातांचा अहवाल आला की डोसच्या आकड्यांसकट मला पाठवा, मी पाहून लिहीन.